विजय नगरातला उघडा संगणक

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो. जबलपूरच्या विजय नगरात आल्हादच्या टेबलाखाली राहतो. त्याने मला गेम खेळायला जोडून घेतलं, म्हणून माझ्यात ताकद भरपूर आहे. अक्कल विकत मिळत नाही, त्यामुळे आल्हादकडे ती राहूनच गेली.

त्याची चुलत बहीण प्रणोती जवळच्या पनागर गावात असते. वाटाण्याच्या पानांवरचा रोग फोटोवरून ओळखायचा, हा तिचा एमएस्सीचा प्रकल्प. हिवाळाभर शेतं तुडवून तिने हजारो फोटो काढले, पण तिच्या लॅपटॉपला ते काम झेपेना. म्हणून माझ्यावर पायथन या संगणकी भाषेच्या नोटबुकचा सर्व्हर चालवायचं ठरलं. तिने पनागरहून ब्राउझरमध्ये आज्ञा लिहायच्या आणि घाम मी इथे गाळायचा.

"पासवर्ड टाकशील ना रे?" तिने फोनवर विचारलं.

"घरचंच तर काम आहे दीदी! मी करून राहिलो ना, तू काहून टेन्शन घेते? फोनमधले फोटोही पुसून टाक, जागा होईल."

तिने विश्वास ठेवला. फोटो आता फक्त माझ्यात उरले. हा माणूस स्कूटरला दोन कुलपं लावतो. मला एकही लावलं नाही.

काम मी चोख केलं. रोगट पान कोणतं, हे मला बिनचूक कळू लागलं. प्रणोती म्हणाली, "गुणाचा आहे रे तुझा कॉम्प्युटर!" उभ्या आयुष्यात माझं एवढंच कौतुक झालं, तेही आल्हादने स्वतःच्या नावावर घेतलं. त्याने माझा इंटरनेटवरचा पत्ता थेट महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला: 'घरी सर्व्हर उभारला आहे. सगळ्यांनी अवश्य बघावा.'

मंडळी हळदीकुंकवाला यावी तशी आली आणि दिसेल ते दाबत सुटली. रोज सुप्रभात पाठवणाऱ्या गुणवंतकाकांनी फोटोंचं अख्खं फोल्डर पुसलं. वर ग्रुपवर लिहिलं, 'सडक्या पानांचे फोटो भरले होते, साफ केले.' त्यावर लोकांनी त्यांना हात जोडले!

प्रणोती धावत आली. शेतातला वाटाणा कधीच निघाला होता. नवे फोटो आता पुढच्या हिवाळ्यात, म्हणजे तिचं वर्ष गेलं.

आल्हादने मला लाथ मारली. "डब्बाच आहे हा दीदी. घमापुरात भंगारात देऊन टाकतो."

मला त्याची कीवसुद्धा येत नाही. किळस येते.

प्रणोती डोळे पुसत माझ्यापुढे बसली आणि पासवर्ड टाकू लागली. आल्हाद वाकून बघायला लागला.

"बाजूला हो."

"मलाही नाही सांगणार?"

"तुला तर मुळीच नाही."

मित्रांनो, आमच्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण ज्याचं काम आमच्या पोटात आहे, त्याच्यासाठी दार तेवढं लावत जा. माझं आता लागलं आहे. आत राखायला काहीच उरलेलं नाही.