हुंकार की होकार

माझ्या नाकावर राग असतो, हे चंद्रपूरच्या कोर्टात सगळ्यांना ठाऊक आहे. तरी इथल्या एका रुग्णालयाने मला आपल्या एथिक्स कमिटीवर घेतलं. माणसांवर नवा उपचार करून बघायचा तर कमिटीत कायद्याचं एक माणूस लागतंच, आणि मी, बल्लारपूरची हर्षा वकील, हाताशी होते. तिथे मी चहा प्यायचे आणि भांडायचे. बाकीचे हसून विचारायचे, वकीलबाईंचं घोडं आज कुठे पेंड खातंय?

त्या दिवशी ते पुनमपाशी अडलं. पुनम जिवतीजवळच्या खेड्यातली, नव्या लग्नाची. जन्मापासून सिकलसेल, रक्तपेशींचा आजार. थंडी पडली की हाडन्‌हाड ठणकायचं, आणि नवरा निकेश तिला ओढणीने पाठीशी बांधून मोटरसायकलवर दवाखान्यात आणायचा. आता तिच्याच पेशी काढून, त्यांतला दोष दुरुस्त करून परत तिच्या अंगात सोडायचा नवा उपचार आला होता. अजून चाचणीतला. थोड्याच जणांना जागा होती आणि तिचं नाव लागलं होतं.

अशा चाचणीत संमती घेतानाचा व्हिडिओ काढावा लागतो. तो आम्ही बघत होतो. डॉक्टर अजय शांतपणे समजावत होते आणि पुनम प्रत्येक वाक्याला "हव" म्हणत होती. पेशी काढू, हव. जुन्या पेशी मारायला कडक औषध देऊ, हव. त्या औषधाने पुढे मूल न होण्याची शक्यता आहे, हव. सगळे खूश. इतकी स्वच्छ संमती क्वचित मिळते, असं कोणी तरी म्हणालंसुद्धा.

"ही संमती नाही," मी म्हणाले.

"अहो, दर वाक्याला हो म्हणाली की!" डॉक्टर अजय म्हणाले. माणूस भला, पण नाशिकचा.

"हो नाही म्हणाली. हव म्हणाली."

आमच्याकडे कोणी काही सांगत असलं की ऐकणाऱ्याने हव, हव म्हणत राहायचं. हव ऐकू आलं नाही तर सांगणाराच थांबतो आणि विचारतो, 'झोपली का वो?' माझे बाबा रामाजी पेपरमिलमधून आले की दिवसभराचं सांगत बसायचे आणि आई चुलीपाशी हव म्हणायची. एकदा बाबा म्हणाले, नोकरी सोडून देतो. आई म्हणाली, हव. दुसऱ्या दिवशी बाबा खरंच घरी बसले, तेव्हा आईने त्यांना जे ऐकवलं ते अख्ख्या चाळीने ऐकलं! हुंकार म्हणजे होकार नव्हे, हे आमच्या घरात त्या दिवशी कायमचं ठरलं.

मी हे सांगितलं तशी कमिटी हसली. डॉक्टर अजय हसले नाहीत. "तिचं नाव थांबलं तर रुग्णांची ही तुकडी तिच्याविना सुरू होईल. पुढची कधी, मला माहीत नाही. तोवर तिला काही झालं तर?"

मी घाबरले. खरंच घाबरले. तिच्या जिवाशी आपण कायद्याचा खेळ करतोय का, असं वाटून गेलं. पण मंजुरीवर सही करायला हात वळेना.

पुनमला परत बोलावलं. ती माझ्याहून तापट निघाली. "काऊन अडवलं वो बाई मायं नाव? दुखते मले, तुमाले नाई!"

मी राग गिळला. "पुनम, आता हव म्हनू नको. डॉक्टर काय करनार हायेत, ते तू सांग मले."

तिने सांगितलं. पेशी काढतीन, सुधरवतीन, टाकतीन. कडक औषध देतीन, केस जातीन. छान सांगितलं.

"अन् लेकराचं?"

"कोन्त्या लेकराचं?"

डॉक्टर अजयनी ते वाक्य पुन्हा उच्चारलं, सावकाश. पुनमचा चेहरा पांढराफटक पडला. "हे मले कोनी सांगतलंच नाई."

"सांगितलं होतं. व्हिडिओ आहे," डॉक्टर म्हणाले.

"तुमी सांगून राह्यले होते सर. मी आयकून राह्यली होती."

डॉक्टरांनी मान खाली घातली. निकेश मधेच म्हणाला, "नाई झालं लेकरू तं नाई. तू पायजे मले."

"तुले नाई विचारून राह्यले," ती म्हणाली, आणि मग रडली. "मले जगनं बी पायजे अन् लेकरू बी पायजे."

डॉक्टर अजयनी तिची फाइल परत उघडली. मग म्हणाले, उपचाराआधी स्त्रीबीजं काढून गोठवून ठेवता येतात. त्यात धोका आहे, मूल होईलच याची हमी नाही, पण वाट आहे. फक्त ती चाचणीच्या आराखड्यात नाही, आणि चाचणीचा खर्च करणारी औषध कंपनी मानणार नाही.

"कंपनी माझ्यावर सोडा," मी म्हणाले. नाकावरच्या रागाचा इतका चांगला उपयोग त्याआधी कधी झाला नव्हता. जे नुकसान आधीच दिसतंय, ते टाळायची सोय दिल्याशिवाय एकाही बाईला चाचणीत घेता येणार नाही, अशी अट कमिटीने घातली. कंपनीला पाठवलेल्या पत्रावर पहिली सही डॉक्टर अजयची. कंपनीने आधी आढेवेढे घेतले, मग मानलं. सगळी तुकडीच थोडी लांबली, आणि पुनमची जागा राहिली.

नव्या व्हिडिओच्या वेळी मी हजर होते. डॉक्टरांनी घसा साफ केला, तशी पुनमने हात वर केला.

"थांबा सर. आता मी सांगतो, तुमी हव म्हना."

ती सांगू लागली. पहिलं वाक्य झालं, डॉक्टर गप्प. ती थांबली. "झोपले का जी?"

"हव, हव," डॉक्टर गडबडून म्हणाले.

"आंदी मायी बीजं काढून ठेवतीन. लेकरू होईनच असं नाई."

"हव."

"मंग पेशी, अन् कडक औषध. त्यात मले काई बी होऊ शकते."

"हव."

"अन् औषध देयाच्या आंदी कवा बी माया मनानं नाई म्हनलं, तं मी घरी जाईन. कोनी रागावनार नाई."

"हव."

तिने निकेशकडे पाहिलं, मग थेट कॅमेऱ्याकडे.

"हे आयकनं झालं," पुनम म्हणाली. "आता माया होकार लिवा."