कठड्याची चौदा भोकं

आमचे दाजी इंजिनिअर. म्हणजे त्यांना सगळं कळतं, आणि जे कळत नाही ते दुरुस्त करायची त्यांना फार घाई असते. शंभर वर्षांच्या जुन्या वाचनालयाला गळती लागली तेव्हा ते काम त्यांच्याकडे आलं, आणि चुन्याचा गवंडी म्हणून मी त्यांच्या हाताखाली. तिथली ग्रंथपाल माझी थोरली बहीण, म्हणजे दाजींची बायको. घरचंच कार्य म्हणा ना.

वाचनालयाच्या समितीने बजावलं होतं, पाहणीच्या दिवशी एक थेंब जरी गळला तरी इमारतीला कुलूप आणि पुस्तकं गोदामात. ताईने सव्वीस वर्षं ती पुस्तकं जिवापाड जपलेली. बिचारीची झोप उडाली होती.

गच्चीच्या कठड्याच्या बुडाशी चौदा भोकं होती, बोटभर रुंद. पाणी वाहून जावं म्हणून जुन्या कारागिरांनी मुद्दाम ठेवलेली. दाजींनी त्यांचे फोटो काढले, अहवालात ‘पडझड’ असं लिहिलं आणि मला म्हणाले, “आधी ही बुजवा. किती वाईट दिसतंय!”

“दाजी, ती भोकं जरा...”

“तुम्ही तुमचं चुन्याचं बघा हो.”

आता ताईच्या नवऱ्याला शहाणपण कोण शिकवणार? मी मुकाट्याने चौदाच्या चौदा बुजवली. आणि काय सुरेख बुजवली! माझी मलाच शोधून सापडेनात.

पाहणीच्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं. पण पाहुणे गच्चीवर जाणार म्हणून दाजींनी सकाळपासून नळी सोडून गच्ची धुवायला लावली. पाण्याला जायला वाटच नव्हती. ते घोट्यापर्यंत साचलं, आणि खाली समितीचे अध्यक्ष ‘गळती आता इतिहासजमा झाली’ असं सांगत असताना थेट त्यांच्या टकलावर उतरलं.

“जुनं बांधकाम,” दाजी म्हणाले. “भरवसा नाही.”

दुपारी ताई पुस्तकांची खोकी ट्रकमध्ये चढवत होती. मी हात लावायला गेलो आणि न राहवून भोकांचं सगळं सांगून टाकलं.

तिने खोकं खाली ठेवलं. “मग तेव्हा का नाही बोललास?”

“दाजींपुढे कसं बोलणार, ताई?”

“त्यांच्यापुढे कशाला? त्यांना दिवसातून दहा चुका मी सांगतेच. ही अकरावी मला येऊन सांगायचीस.”

खरं सांगतो, हे मला सुचलंच नव्हतं.