बगिच्याचे सत्तर हजार

हिंगणघाटचा नलूचा वॉर्ड त्या खेपेला बायकांसाठी राखीव झाला, म्हणून ती नगरसेविका झाली. नवऱ्याचं, चंद्रभानचं, सरकी-ढेपीचं दुकान होतं. प्रचाराची भाषणंही त्यानंच केली. वॉर्डातल्या बगिच्यात रंगीत दिव्यांचं कारंजं येणार, असं तो चौकाचौकात सांगायचा.

कारंजं, कुंपण, झोपाळे, फरशीची वाट, असा अडीच लाखांचा अंदाज नगरपालिकेत गेला. १९९८ च्या जानेवारीत अभियंता मधुकररावांनी नलूला बोलावून घेतलं.

"ताई, अनुदान घटलं. बगिच्याच्या वाट्याला सत्तर हजारच येतात. यादीतलं एखादंच काम होईल. लहानसं कारंजं बसतं त्यात."

नलूनं सही केली नाही, दोन दिवस मागून घेतले. ती यादी चंद्रभाननं केली होती. आपण त्या बगिच्यात कधी बसलोसुद्धा नाही, हे तिला त्या खुर्चीतच जाणवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती तिथं गेली. गवत वाळलेलं, एका झोपाळ्याची साखळी तुटलेली. कडुनिंबाखाली पंधरा-वीस बायका भाकरी खात बसल्या होत्या. त्या शेजारच्या जिनिंगमध्ये कापसातला कचरा वेचायच्या. भुवयांवरही तंतू चिकटले होते. जेवण झाल्यावर त्यांनी पाण्याची एक लहान बरणी फिरवली आणि प्रत्येकीनं एकच घोट घेतला.

"मावशी, दिवसभर धूळ गिळता अन् पानी एवढंसंच काऊन पेता?" नलूनं त्यांच्यातल्या वयस्क बाईला विचारलं. तिचं नाव रुख्माबाई.

रुख्माबाई हसली. "जास्त पेलं तं मंग जाव कुठं, बाई? जिनिंगात गडीमाणसायसाठी हाये, आमच्यासाठी नाई. सकाळी घरून निघतो, ते सांजेले घरीच."

"किती वर्सं झाली असं?"

"आता तं माही सून बी याच कामावर हाये."

नलूला प्रचाराचे दिवस आठवले. बरोबरचे पुरुष घरोघरी चहा पीत होते आणि ती "नको नको" म्हणत पुढं चालत होती. पोट दुखायचं. ते तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी जेवताना तिनं चंद्रभानला सांगितलं, "कारंजं नाई करत. बायकांसाठी संडास अन् पान्याचा नळ बांधतो."

तो घास हातात धरून बसला. "अवं, म्या माईकवर सांगतलं सगळ्याइले! लोक काय म्हनतीन? बगिच्यात संडास?"

"तुमी त्या बायकाइले पाह्यलं नाई. मी पाहून आली."

तो उठून गेला.

मधुकररावांनी मात्र शांतपणे हिशेब मांडला. दोन संडास, टाकी आणि नळ मिळून अठ्ठावन्न हजार. "बांधून होईल, ताई. पण धुणार कोण?" नलूनं हा विचार केलेलाच नव्हता. उरलेले बारा हजार वर्षभराच्या सफाईसाठी मागायचे, असं दोघांनी मिळून ठरवलं. नगरपालिकेच्या सभेत मागच्या बाकावर हशा पिकला. नलूनं रुख्माबाईचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं. मग हसणाऱ्यांनीही हात वर केले आणि ठराव मंजूर झाला.

संडास बांधून झाल्यावर काही दिवस चौकातली टवाळ पोरं त्याला 'नलूचा महाल' म्हणायची. तिला लागायचं ते. मग दसऱ्याच्या सुमारास तिला कळलं, की चंद्रभाननं स्वतःच्या पैशानं मिस्त्री लावून बगिच्यातला झोपाळा दुरुस्त केलाय.

दिवाळीनंतर नवा कापूस आला आणि हंगामापुरतं चालणारं जिनिंग पुन्हा सुरू झालं. त्या आठवड्यात ती दुपारी बगिच्यात डोकावली. नळावर बायकांची रांग होती. एक नवीन पोरगी ओंजळीनं पाणी पीत होती, थांबतच नव्हती.

"या बाई, जेवा आमच्यासंगं," रुख्माबाईनं हाक मारली आणि सरकून जागा केली.

नलू खाली बसली. रुख्माबाईनं तिच्या हातावर अर्धी भाकर आणि मिरचीचा ठेचा ठेवला. ठेचा फार तिखट होता. नलूच्या डोळ्यांत पाणी आलं तशा सगळ्याजणी हसल्या, आणि रुख्माबाईच्या सुनेनं पाण्याचा गडवा तिच्यापुढं केला.