ईसीजी यंत्राने काढलेली खरी रेघ

मित्रांनो, मी एक जुने ईसीजी यंत्र आहे. भंगाराच्या ढिगात, गंजलेल्या पंख्याखाली पडलेले. कधीकाळी एक म्हातारे डॉक्टर मला मऊ फडक्याने पुसत आणि आपल्या मुलाला माझी कागदी पट्टी वाचायला शिकवत.

"आधी हा छोटा उंचवटा. हृदयाचे वरचे कप्पे आवळले. मग हा सुळका, खालच्या कप्प्यांनी रक्त फेकलं. मागची ही टेकडी म्हणजे हृदय पुढच्या ठोक्यासाठी सावरतंय. सुळक्यांमधलं अंतर सारखं आहे का बघ. आणि सुळका उतरला की रेघ मूळ पातळीवर यायला हवी. वरच अडकून राहिली, तर हृदयाच्या एखाद्या भागाचं रक्त अडलं असेल. मग वेळ घालवायचा नाही."

मुलगा "हो बाबा" म्हणे आणि खिडकीबाहेर बघे. वडील गेले, मुलगा डॉक्टर झाला, दवाखाना त्याचा झाला.

एका दुपारी शिंपी बायकोला घेऊन आला. तिचा जबडा दुखत होता, डावा हात जड झाला होता, पोलके घामाने भिजले होते.

"घरी पाहुणे यायचेत," शिंपी म्हणाला. "काम पडलं की हिचं असंच."

"आज खरंच वेगळं वाटतंय हो," ती म्हणाली.

मी जीव ओतून रेघ काढली. प्रत्येक सुळक्यानंतर ती वरच अडकत होती. डॉक्टरांनी पट्टीवर ओझरती नजर टाकली.

"पित्त आहे."

"मग स्वयंपाक करेल ना?"

"न करायला काय झालं? हात हलले की दुखणं पळेल."

दोघे हसले. तीही ओशाळून हसली. "उगाच तुमचा वेळ घेतला," म्हणत तिने बटणे लावली.

संध्याकाळी शिंपी एकटाच आला.

"ओट्यापाशी पडली," तो म्हणाला. "मी बाहेरून ओरडलो, उठ, पुरे झालं नाटक. उठलीच नाही."

डॉक्टरांनी पट्टी पुन्हा हातात घेतली. या वेळी नीट पाहिली. मग घडी घालून खिशात टाकली.

"मशीन जुनं झालंय. त्यानंच दगा दिला."

शिंप्याने माझ्यावर मूठ हाणली. काच फुटली. डॉक्टरांनी त्याला अडवले नाही. माझी रवानगी भंगारात झाली.

मित्रांनो, यंत्राला पुसले नाही तरी चालेल. पण कोणी दुखतंय म्हणाले, तर त्याला नाटकी म्हणू नका. रेघेकडे बघा आणि त्याच्या तोंडाकडेही बघा.

भंगारवाल्याच्या समोरच शिंप्याचे दुकान आहे. परवा डॉक्टर तिथे कोट शिवून घ्यायला आले. त्यांच्या छातीचे माप घेता घेता शिंप्याचे डोळे भरले.

"तुम्ही वेळीच ते मशीन काढून टाकलंत, साहेब. नाहीतर अजून कितीजणांना खाल्लं असतं त्यानं."

डॉक्टर आरशात बघत होते.

"बाह्या जरा सैल ठेव," ते म्हणाले.