अर्ध्यावर थांबलेला ढोल

चर्चमध्ये गाऊन सांगायचा उपदेश मध्येच तोडायचा नाही, हा आमच्या बुवांचा पहिला नियम. दिवे जावोत, कोणाला उचकी लागो, छप्पर गळो, कथा तडीस न्यायचीच. आम्ही तिघं होतो. बुवा पुढे उभे राहून सांगायचे, मी मागून ओळ उचलायचो आणि माझ्या डाव्या अंगाला ढोलवाला. मला अजूनही वाटतं की देवाचं वचन गळ्यातून आलं की ते दगडालाही पाझर फोडतं. म्हणून जे झालं ते लिहायला हात जड होतो.

ढोलवाला पोटासाठी एका कारखान्यात लाकडी खोकी ठोकायचा. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. त्याच्या हातोडीलाही ठेका होता. आज खोकी जलद लयीत चाललीत म्हणजे मालक डोक्यावर उभा असणार, असं शेजारी म्हणायचे. बावीस वर्षांत तो तालात कोणाकरता थांबला नाही. बुवांनी श्वास जरा लांबवला तर त्यांनाही मागे टाकून पुढे जायचा.

शेवटच्या बाकावर धुलाईखान्यात इस्त्री करणारी एक बाई बसायची. तिचा आवाज प्रत्येक ओळीला अर्धी मात्रा उशिरा यायचा, म्हणून ढोलवाल्यानं तिचं नाव अर्धीमात्रा ठेवलं आणि तेच रूढ झालं. एकदा त्यानं सगळ्यांसमोर तिला सांगितलं की बाई, तुम्ही मनात गात चला, देवाला तेवढं ऐकू येतं. लोक हसले. तीही हसली, आणि पुढच्या रविवारी पुन्हा मोठ्यानं गायली.

त्या रविवारी कथा होती वाटेवर लुटलेल्या माणसाची. चोरांनी त्याला मारून अर्धमेला टाकलाय. एक धर्माचा माणूस येतो, बघतो, पलीकडच्या कडेनं निघून जातो. मग दुसरा येतो, तोही तसाच. बुवांना त्या दिवशी असा काही रंग चढला होता की पुढच्या रांगेतल्या बायका डोळे पुसत होत्या. दुसरा माणूस कड धरून गेला, आणि ढोल थांबला.

मी वळून पाहिलं. ढोलवाला कुशीवर कलला होता. तोंड वाकडं झालेलं, उजवा हात चामड्यावरून घसरत होता. बुवांची पाठ आमच्याकडे. त्याची नजर माझ्या नजरेला भिडली. मला उठता आलं असतं. पण मी टाळी उचलली, ठेका धरला आणि आवाज चढवला. ताल कुठं तुटलाय हे कोणाला कळूसुद्धा दिलं नाही. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला त्याचा अभिमानच वाटला.

अर्धीमात्रा बाजूच्या दारानं आली. तिनं आणि चौकीदारानं त्याला उचलून बाहेर पायरीवर नेलं. गाड्यांच्या चाव्या सगळ्या आत, गाणाऱ्यांच्या खिशांत होत्या. तिनं दारातून दोनदा हाक मारली, ती गाण्यात बुडाली. तिसऱ्या वाटसरूनं त्या जखमीला आपल्या जनावरावर कसं बसवलं, ते आम्ही चार वेळा घोळवून गायलो. आमेन झाल्यावर गाडी निघाली.

अर्धा तास आधी आणलं असतं तर, एवढं बोलून डॉक्टरांनी वाक्य सोडून दिलं. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली.

बुवा काही हातावर हात ठेवून बसले नाहीत. ढोलवाल्याला बरं वाटावं म्हणून त्यांनी तीन रविवार खास उपदेश ठेवला आणि त्याच्यावर एक नवं कडवं रचलं. मी ते उचललं की सभागृहात हुंदके यायचे. त्या कडव्याची तालीम रोज साडेचार ते सहा, माझ्या शिंपीदुकानात. दवाखान्यात भेटायची वेळ चार ते सहा. तालीम होती म्हणून जाता आलं नाही, हे मी इतक्या जणांना सांगितलं की मलाही ते पटलं.

बायकोला पटलं नाही. कॉलर उलटवता उलटवता तिनं विचारलं, तुम्ही गाता ते त्याला ऐकू जातं का? मी म्हटलं, प्रार्थना पोचते.

"प्रार्थना पोचते हो," ती म्हणाली. "तुम्ही कधी पोचणार?"

मला भीती वाटत होती. मी पाहिलं हे त्यानं पाहिलं होतं.

एकोणिसाव्या दिवशी गेलो. बारा खाटा, फिनेलचा वास. कोपऱ्यातल्या खाटेवर अर्धीमात्रा त्याला कुशीवर वळवत होती. भेटीची वेळ गाठता यावी म्हणून ती रोज पहाटेची पाळी मागून घेत होती, हे मला परिचारिकेकडून कळलं. आमच्या मंडळीतून दुसरं कोणी आलं नव्हतं. पडून पडून त्याची पाठ सोलवटली होती. ती चादरीवरून तळवा फिरवत होती, पुन्हा पुन्हा, कडेपासून कडेपर्यंत. एक सुरकुती राहिली तरी कातडी जाते, म्हणाली. इस्त्रीवालीच ती.

त्यानं मला पाहिलं, आणि नजर हटवली नाही. मी ते नवं कडवं गुणगुणायला लागलो.

"गाऊ नका आता," ती म्हणाली. "हे तसराळं धरा."

मी धरलं. तिनं जखम धुतली. पाणी पिवळं झालं, वास नाकात गेला. पण हात हलवायची सोय नव्हती. ती तसराळं ओतायला गेली तेव्हा मी त्याच्या कानाशी वाकलो.

"तू पडलास ते मी पाहिलं होतं. तरी टाळी उचलली."

त्यानं डोळे मिटले. बऱ्याच वेळानं उघडले. मग डाव्या हाताची दोन बोटं खाटेच्या लोखंडी दांडीवर हळूहळू आपटू लागली. मी ओळखलं. तोच ठेका, जिथं सुटला होता तिथून. त्याला पुढची कथा हवी होती. आणि माझा गळा, जो बावीस वर्षांत एका ओळीला चुकला नव्हता, तो उघडेना.

ती परत आली. ऐकलं, पदराला हात पुसले आणि तिसऱ्या वाटसरूपासून गायला लागली. नेहमीसारखीच अर्धी मात्रा उशिरा. त्याची बोटं वर उचलली जायची आणि तिथंच थांबायची. तिचा आवाज पोचला की मगच खाली यायची. जो कधी कोणासाठी थांबला नाही तो प्रत्येक ओळीला तिच्यासाठी थांबला. कथा संपेपर्यंत.

त्यानंतर मी तीनदा गेलो. गुरुवारी दुपारी मी विजारीचं कापड बेतत असताना निरोप आला.

मातीच्या दिवशी सभागृह भरलं होतं. शवपेटी त्याच्याच कारखान्यातल्यांनी खोक्यांच्या फळ्यांची बनवलेली. ढोलाच्या जागी फुलं. बुवांनी नवं कडवं घेतलं, रडणं सुरू झालं, आणि त्यांनी मला टाळीची खूण केली. तेवढ्यात मागून तिचा आवाज आला, उशिरा. माना वळल्या. एक कारभारी ओठांवर बोट ठेवून तिच्याकडे निघाला.

मी हात उचलले आणि हवेतच धरले. तिचा आवाज पोचला तेव्हा टाळी दिली. बुवांची ओळ निसटली. त्यांनी पुन्हा धरली. मी पुन्हा तिच्यासाठी थांबलो. तिसऱ्या ओळीला बुवा गप्प झाले, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा आमचा उपदेश मध्येच तुटला. उरलेलं कडवं तिनं एकटीनं म्हटलं. त्यावर कोणी रडलं नाही.

"कथा मोडलीत तुम्ही," बुवा जवळ येऊन हळूच म्हणाले.

मी हो म्हटलं. त्यांनी मला पुन्हा साथीला बोलावलं नाही.

कारखान्यातली माणसं झाकण घेऊन आली, हातात खिळे. अर्धीमात्रा मध्येच पुढे झाली आणि त्यांना थांबायला सांगितलं. वाकून तिनं त्याच्या पाठीखाली हात सरकवला आणि कापडावरून तळवा फिरवला, कडेपासून कडेपर्यंत.