किल्ली नगरला गेली

हातात जळता दिवा दिला तरी हेच सांगीन, यातला एक शब्दही खोटा नाही. गोरक्षनं कॉम्प्युटरच्या पेटीचं झाकण उचललं, तर आतून आधी एक पाल पळाली, मग ओंजळभर धूळ सांडली, आणि तळाशी निघाल्या पिवळ्या अक्षता. छबूबाईच्या लेकाच्या, संदीपच्या, लग्नातल्या. लग्नाला चार वर्षं झालेली, पेटी घरात येऊन दोन. त्या आत कशा गेल्या ते उंदराला विचारा, मला नाही.

“मावशी, हे मशीन आहे का कणगी?” गोरक्ष म्हणाला.

“कनगीत तरी कायतरी ऱ्हातं बाबा,” छबूबाई म्हणाली. ती उंबऱ्याशी लसूण सोलत बसली होती. “ह्यात काय ऱ्हात न्हाई म्हनून तर तुला बोलावलं.”

गोरक्ष नगरचा, कॉम्प्युटर दुरुस्त करणारा. घराशी आला तेव्हा बराच वेळ बाहेरच घुटमळत होता, कारण वाजवायला दारच नव्हतं. चौकट होती, दार नव्हतं. शिंगणापुरात कुणाच्याच घराला नव्हतं. कुत्रं शिरू नये म्हणून रात्री एक फळी आडवी टाकायची, झालं. शेवटी तो तीनदा खोकला, तेव्हा छबूबाईनं आतून विचारलं, “औषीद देऊ का?”

पेटी छबूबाईच्या सुनेची, जयमालाची. जयमाला राहुरीला कॉम्प्युटर शिकलेली. ओसरीवर बसून लग्नपत्रिका जुळवायची. काळ्या अक्षरांचं काम बेस चालायचं. पण आता लोकांना पत्रिकेवर नवरा-नवरीचा रंगीत फोटो हवा असायचा, आणि त्या जुन्या पेटीला दिसायचे मोजून सोळा रंग. नवरदेव हिरवा, नवरी जांभळी. तेही निम्मेच. फोटो कमरेपर्यंत उघडला की पेटी घाटात बंद पडलेल्या ट्रकसारखी उभी राहायची.

नगरच्या छापखान्याचे आबासाहेब म्हणाले होते, “शनिवारी दुपारपर्यंत एक रंगीत नमुना आणून दे. जमला तर यंदाच्या हंगामाचं सगळं काम तुझं.” आणि फोटो भरलेली फ्लॉपी तिच्या हातात दिली होती.

संदीप म्हणाला होता, “न्हाई जमलं तर पेटी इकून टाकू. देवळाच्या वाटंवर गाळा बघितलाय, तेलाचं दुकान टाकू.” त्याच्या मनात खोट नव्हती. घोडेगाव फाट्यावरून भाविक आणायची त्याची जीप होती. तेल किती खपतं ते तो रोज डोळ्यांनी बघत होता.

रंग दिसायला नवं कार्ड, फोटो पुरता उघडायला मेमरी, दोन्ही लई महाग. पैसे जयमालाच्या माहेराहून आले. असं जयमालानं सांगितलं.

त्याच आठवड्यात छबूबाईच्या दोन शेळ्या लांडग्यानं नेल्या. भर दिवसा. मोठा लांडगा, डावा कान फाटलेला. चौकटीत उभा राहिला, आत बघितलं, घरात म्हातारीशिवाय कुणी नाही म्हटल्यावर शेळ्या घेऊन चालता झाला. संदीप काठी घेऊन माळभर हिंडून आला. रक्ताचा थेंब नाही की केसाचा पुंजका नाही. परत आल्यावर त्याची नजर खुंटीकडे गेली. दोन्ही दावी नीट गुंडाळून टांगलेली होती.

“आई, लांडग्यानं गाठी सोडल्या?”

“लई शाना हुता मेला,” छबूबाई म्हणाली.

तर गोरक्षनं पेटी साफ केली. जुनं कार्ड उपटून नवं बसवलं, मेमरीच्या बोटभर लांबीच्या हिरव्या पट्ट्या टचकन आत दाबल्या आणि बटण दाबलं. आबासाहेबांचा फोटो उघडला. कमरेपर्यंत आला. तिथं थांबला नाही. पार बुटापर्यंत आला, आणि हिरवा नवरदेव गव्हासारखा झाला. नवरीच्या गालावरचा तीळसुद्धा दिसला.

जयमालानं पदर तोंडाला लावला आणि चहा टाकायला आत गेली.

इकडे गोरक्षनं पेटी बंद केली, झाकण लावून स्क्रू आवळले. मग खिशातल्या जुडग्यातली एक बारकी गोल किल्ली काढून पेटीच्या तोंडाशी असलेल्या भोकात घातली आणि फिरवली. नगरात सगळ्यांच्या पेट्यांना तो असंच करायचा, हाताला सवय. किल्ली घरच्यांसाठी पेटीवर ठेवली. बाहेर संदीपनं हॉर्न दिला, तसा अर्धा चहा टाकून तो जीपमध्ये जाऊन बसला.

जीप गेली आणि छबूबाईला किल्ली दिसली.

पोरगं इसरलं, तिला वाटलं. दुसरं काय वाटणार? या घरात सुईला जागा होती, तंबाखूला होती, दिव्याच्या काडेपेटीला होती. किल्लीला नव्हती. साठ वर्षांत कधी लागलीच नाही. ती तशीच अनवाणी थांब्यावर गेली. नगरची यष्टी उभी होती, आणि कंडक्टर पुंजाराम गावचाच.

“त्या कॉम्प्युटरवाल्या पोराची राह्यली. त्याच्या दुकानात नेऊन दे.”

पुंजारामनं किल्ली मेलेल्या उंदरासारखी दोन बोटांत धरली आणि पिशवीत टाकली.

शनिवारी सकाळी जयमालानं आंघोळ करून बटण दाबलं. पडदा उजळला, इंग्रजीची एक ओळ आली, आणि तिथंच सगळं थांबलं. तिनं एक बटण दाबलं, दुसरं दाबलं, दहाही बोटं फिरवली. काही नाही.

“काय म्हनतंय?” छबूबाईनं विचारलं.

“कीबोर्ड चालत नाही म्हणतंय.”

तिनं वायर काढून परत लावली. फुंकर मारली. बंद करून चालू केलं, सात वेळा. फोनच्या बूथवर जाऊन गोरक्षच्या दुकानाला फोन लावला. नुसताच वाजत राहिला. परत आली तेव्हा दहा वाजून गेले होते आणि रस्त्यावर शनिवारची गर्दी दाटली होती.

संदीप दुसरी खेप टाकून आला. त्यानं पडद्याकडे बघितलं, मग बायकोकडे.

“ऱ्हाऊ दे गं,” तो हळूच म्हणाला. “तू केलंस तेवढं केलंस.”

जयमाला मान खाली घालून बसली. रागावला असता तर भांडता आलं असतं.

छबूबाईच्या हातातलं सूप केव्हाच थांबलं होतं. ती उठली, पेटीसमोर जाऊन बसली आणि त्या बारक्या भोकावर बोट ठेवलं.

“जयमाला, ह्याला कुलूप हाय.”

“असतं, आत्याबाई.”

“असतं न्हवं. लावलंय. त्या पोरानं काल फिरवलं, म्या बघितलं.”

“ते झाकणाचं असंल. त्यानं अक्षरं कशी अडतील?”

“ते मला काय ठावं? पन आपल्या घरात कुलूप लागलं, आन् पेटीची वाचा गेली. काढ ते.”

संदीप दुसरीकडे बघायला लागला. जयमाला शिकलेली, तिला हसू आलं असतं. पण हसण्याइतकं काही उरलं नव्हतं.

“बरं. किल्ली कुठंय?”

“गेली.”

“कुठं गेली?”

“नगरला.”

बाहेरून कुणीतरी तेलाचा भाव विचारत होतं.

“मला वाटलं त्याची हाय,” छबूबाई म्हणाली. तिचा आवाज एवढा बारीक संदीपनं कधी ऐकला नव्हता. “आपली किल्ली कशी असंल, बाई?”

जयमालानं सासूकडे बघितलं. मग तिची नजर खुंटीवरच्या दाव्यांवर गेली, आणि तिथंच थोडा वेळ राहिली. ती उठली.

“अहो, जीपमधला पेचकस द्या.”

संदीप पळतच गेला. जयमालानं सगळे स्क्रू काढले, झाकण उचललं. कुलपाच्या पाठीमागून दोन बारीक वायरी निघून आतल्या पाटीला चिकटल्या होत्या. झाकणाशी त्यांचा काही संबंध नव्हता. तिनं त्या चिमटीत धरल्या.

“उपट,” छबूबाई म्हणाली.

तिनं उपटल्या. बटण दाबलं. ओळ आली नाही. तिनं एक अक्षर दाबलं, ते पडद्यावर उमटलं.

छबूबाईनं देवाचं नाव घेतलं नाही, जयमालानं वायरीचं सांगितलं नाही. एक नुसती “हं” म्हणाली, दुसरीनं पदर खोचला आणि कामाला बसली. सव्वा बाराला संदीपनं भाविक खाली उतरवून ठेवले आणि बायकोला फ्लॉप्यांसकट जीपमध्ये घालून थेट नगरला नेलं. रिकामी जीप. शनिवारची.

काम मिळालं. किल्ली रविवारी पुंजारामबरोबर परत आली, कारण गोरक्षनं ती छबूबाईची म्हणून पाठवली. छबूबाईनं ती पुन्हा नगरला पाठवली. अशी ती तीनदा गेली आली, बिनतिकिटाची. शेवटी पुंजारामच कंटाळला आणि ती त्यानं कुठं ठेवली ते त्यालाच माहीत.

हंगाम सरला तेव्हा एक दिवस जयमाला घोडेगावच्या बाजारातून आली ती दोन तरण्या शेळ्या घेऊन. एक काळी, एक ठिपक्यांची. खुंटीवरची दावी काढली, दोघींच्या गळ्यात बांधली आणि दुसरी टोकं सासूच्या हातात दिली.

“लांडग्याला जपा, आत्याबाई.”

“पेटी परत जुनी झाली की येतोच तो,” छबूबाई म्हणाली, आणि ठिपकेवालीचे दात बघायला लागली.

सगळं खरं आहे. आता दिव्याची शपथ घेतलीच आहे, म्हणून एक कबूल करून टाकते. त्या लांडग्याचा कान फाटका नव्हता. तेवढं मी पदरचं घातलं.