कडू पेल्याचं गिऱ्हाईक

म्बोक सारिनतेन पाठीवर बाटल्यांची टोपली बांधून सोलो शहराच्या गल्ल्यांतून काढे विकायची. सांबिलोतोच्या झुडपाचा कडूजहर पाला जंतू मारतो, अंगात ताकद आणतो, असं ती सगळ्यांना सांगायची. पण तो पेला घेणारे गल्लीत एकटे म्हातारे म्बाह, म्हणजे आजोबा, दार्सो. आठवड्यापूर्वी ती स्वतः तापाने पडून उठली, तेव्हापासून तर ते रोज चिडवत, "जगाला पाजतेस आणि स्वतःच आडवी होतेस!"

आजही त्यांनी पेला एका दमात संपवला, तोंड वेडंवाकडं केलं आणि त्यावरच्या गोड आल्याच्या पेल्यासाठी हात पुढे केला.

तेवढ्यात शेजारची युनी शिंकत आली. तिने कडू पेला मागितला, घोट घेतला नि म्हणाली, "अगं म्बोक, हे कडू कुठंय?"

सारिनतेन चपापली. पाला खुडताना तो सांबिलोतोचाच आहे ना, हे ती एक पान चावून बघायची. पण तापात जिभेची चवच गेली होती, आणि हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. चव न कळल्याने सांबिलोतोऐवजी कुंपणातल्या भाजीच्या झुडपाचा पाला तिने उकळला होता.

"आठवडाभर हेच पीत होता? मग तोंडं कसली वाकडी करत होता?" ती म्हाताऱ्यावर खेकसली.

"तुझ्या जिभेची चव गेलीय, हे पहिल्याच घोटाला कळलं. पण बोललो असतो, तर तू टोपली ठेवून घरीच बसली असतीस." म्बाह दार्सो ओशाळले. "उद्या पाला खुडायला मी येतो. पानं मी चावीन, तू नुसती माझ्या तोंडाकडे बघ."